संगणकाशी गट्टी : तीन, पाच, सात आणि सरासरी तीन!

दोस्तांनो, ३, ५ आणि ७ यांची सरासरी किती? पाच! हे तर तुम्ही झोपेतही सांगाल. पण ‘आर’ नावाच्या संगणकभाषेत सरासरीसाठी ‘मीन’ ही आज्ञा लिहून कंसात नुसते ३, ५, ७ दिलेत, तर उत्तर येतं ३!

संगणकाला वेड नाही लागलेलं हं! ‘मीन’ पहिल्या जागी सगळ्या आकड्यांची एक गठडी मागते. पुढच्या जागा हिशेब कसा करायचा, या सूचनांसाठी. म्हणून ५ आणि ७ सूचनांत जमा झाले! बेरजेची ‘सम’ ही आज्ञा मात्र सुटे आकडेही घेते आणि बिनचूक १५ सांगते. सख्ख्या बहिणी, पण रीत वेगळी. मग वापरणारा गोंधळणार नाही तर काय!

१९७६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस’ ही भाषा आखायला घेतली. दरवेळी फोरट्रानमध्ये लांबलचक प्रोग्रॅम लिहायला नको, छोट्या आज्ञेत काम व्हावं, हा हेतू. तिच्याच वळणावर १९९०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये ‘आर’ तयार झाली.

तिची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. समजा, आठवड्याच्या पावसाच्या नोंदीत मंगळवारचा आकडा राहून गेला. तिथे शून्य लिहिणं म्हणजे थापच की! ‘आर’मध्ये तिथे ‘एनए’ लिहायचं. मग सरासरीही ‘एनए’च येते. ‘मंगळवार सोड’ असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत, तरच ती उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढते.

आता कागद घ्या. वर्गाच्या गुणांची सरासरी काढणारी आज्ञा तुम्ही कशी लिहाल? आणि परीक्षेला गैरहजर असलेल्या बंड्याचं काय कराल?