केशपतन, पेशीविभाजन आणि आपले दावे

सुश्रुताचार्यांनी खालित्याची संप्राप्ती रोमकूपात सांगितली. आधुनिक संशोधकही तेथेच शोध घेत आहेत. खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक' संस्थेत रोमकूपातील मूलपेशींचा अभ्यास झाला आहे. तथापि एवढ्या साम्यावरून 'जनुकांवर कार्य करणारे तेल' अशी जाहिरात करणे उचित नाही.

'१४-३-३ सिग्मा' या प्रथिनाचे जनुक पेशीविभाजनास आवर घालते. उंदरांत त्याची एक प्रत बिघडली तर केस वारंवार गळतात. दोन्ही बिघडल्या तर त्वचेच्या पेशी वाढतच राहतात, परिपक्व होत नाहीत व पिल्लू जन्मतःच दगावते, असे २००५ मध्ये स्पष्ट झाले. केशोत्पत्तीस नुसती वाढ पुरत नाही. वाढ, परिपक्वता आणि विश्रांती यांचा क्रम सांभाळावा लागतो.

ज्वर वा प्रसूतीनंतर दोन-तीन महिन्यांनी गळू लागलेले केस बहुधा आपोआप पुन्हा येतात. त्याचे श्रेय तेलास देणे ही शास्त्राशी प्रतारणा होय. वैद्यबंधूंनी आरंभी, तिसऱ्या व सहाव्या महिन्यात रुग्णाची नोंद व छायाचित्र ठेवावे. पुरावा जमेपर्यंत औषधविक्रेत्यांनीही बाटलीवर जनुकाचे नाव घालू नये. भृंगराजाचे नाव पुरेसे आहे.