पिसाळलेला कुत्रा आला कोठून?

गावात कुत्रा पिसाळला की त्यास ठार मारावे, खड्ड्यात गाडावे आणि प्रकरण मिटले असे समजावे, ही आपली जुनी रीत. या रीतीने एक मोलाचा पुरावा मातीआड जातो, हे मात्र ध्यानात येत नाही.

अलर्करोगाचा, म्हणजेच रेबीजचा, विषाणू रोगी प्राण्याच्या मेंदूत सापडतो. त्याच्या जनुकसंचात सुमारे १२,००० अक्षरे असतात असे म्हणता येईल. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून चुका व्हाव्यात, तशा या विषाणूच्या नकलेतही होतात. त्याच चुका दोन पोथ्यांत आढळल्या, तर त्यांचे मूळ एक असावे, असे अभ्यासक ठरवितात. विषाणूंची कुळेही अशीच जुळविता येतात.

टांझानियातील पेंबा बेटावर कुत्र्यांना लस टोचून २०१४ पर्यंत हा रोग नाहीसा करण्यात आला होता. २०१६ साली तो पुन्हा उद्भवला. जुनाच विषाणू कोठे दडून राहिला होता काय? जनुकीय तुलनेने उत्तर दिले: तो बाहेरून आला होता, आणि तोही किमान दोनदा. पुन्हा लसीकरण झाले व २०१८ च्या अखेरीपर्यंत त्याचे उच्चाटन झाले.

हा भेद केवळ पांडित्याचा नव्हे. रोग गावातच टिकून असेल, तर आपले लसीकरण अपुरे आहे; बाहेरून येत असेल, तर शेजाऱ्याला बरोबर घेतल्यावाचून गत्यंतर नाही. गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यामध्ये तर समुद्रही आडवा नाही.

यावर कोणी म्हणेल, हा पैसा लसीवरच का खर्चू नये? आक्षेप रास्त आहे. निदान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचणे हाच मुख्य उपाय होय. परंतु रोगी कुत्रे जसजसे विरळ होतील, तसतसा प्रत्येक नमुना अधिक बोलका ठरेल. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे निर्मूलन करण्याची राष्ट्रीय योजना भारताने २०२१ साली जाहीर केली. ती तडीस न्यावयाची, तर प्रत्येक संशयित कुत्र्याचा नमुना प्रयोगशाळेत पोचला पाहिजे आणि तेथील निष्कर्ष त्या गावास परत कळविला गेला पाहिजे.

वाचकांनी मृत कुत्र्यास हात न लावता पशुवैद्यकास कळवावे. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून तत्काळ रुग्णालय गाठावे. एवढे प्रत्येकाच्या हाती आहे.