चाळिशीच्या आत पेन्शनर!

'बॉस, आपण सुटलो!' रविवारी सकाळी साडेआठला जिजूंचा फोन आला. मला वाटलं, अप्रेझल सॉलिड झालेलं दिसतंय. पण छे! माझे जिजू, वय वर्षं सदतीस, ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत मॅनेजर, चक्क रिटायर व्हायला निघाले होते. आणि मी फ्रीलान्सर, म्हणजे त्यांच्या मते आधीच अर्धी रिटायर, तेव्हा अनुभवी माणूस म्हणून मी सोबत यायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं.

प्लॅन एकदम सिम्पल. मुलुंडचा टू बीएचके विकायचा. अटल सेतूच्या अलीकडे-पलीकडे, उलवे-जासई पट्ट्यात वन बीएचके घ्यायचा. मधला डिफरन्स गुंतवायचा आणि आयुष्यभर व्याजावर जगायचं. नो बॉस, नो डेडलाइन, नो ऐरोलीचा ट्रॅफिक. अमेरिकेत या प्रकाराला 'फायर' म्हणतात. पैशाने स्वतंत्र व्हा आणि लवकर निवृत्त व्हा, असा त्याचा फंडा. १९९२ साली विकी रॉबिन आणि जो डॉमिंग्वेझ यांनी 'युअर मनी ऑर युअर लाइफ' लिहिलं, तेव्हापासून तिकडे हे खूळ आहे. आपल्याकडे ते रात्री अकरानंतर लॅपटॉप बंद करताना डोक्यात येतं. मला तर प्रत्येक उशिरा आलेल्या चेकच्या वेळी येतं, पण विकायला फ्लॅट नाही ना!

तर गाडीत पुढे जिजू आणि ताई, मागे मी, माझी भाची आणि ताईच्या सासूबाई. काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. अख्ख्या प्रवासात त्या एक वाक्य बोलल्या असतील तर शपथ.

जासई उरण तालुक्यातलं, पनवेलच्या पलीकडचं. एका बाजूला बंदराकडे धावणाऱ्या कंटेनर-ट्रेलरांची रांग, दुसऱ्या बाजूला जवळच चिर्ले इथे उतरणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू. जानेवारी २०२४ मध्ये सेतू सुरू झाला आणि त्याच महिन्यात लोकल थेट उरणला पोचली. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानंही उडू लागली. शांत, स्वस्त गावाकडे रिटायर व्हायला चाललेल्या माणसाने यातलं काय ऐकावं? जिजूंनी फक्त 'कनेक्टिव्हिटी' ऐकलं. मला ट्रेलरचे हॉर्न ऐकू आले.

रस्ता विचारायला चहाच्या टपरीवर थांबलो. बाकावर पांढऱ्या टोपीतले एक काका बसले होते. जिजूंनी बिल्डिंगचं नाव सांगितलं. काकांनी रस्ता नंतर सांगितला, आधी विचारलं, 'इकत घेताय का भाड्यानं?'

जिजू उत्साहात. त्यांनी अख्खा प्लॅन काकांना ऐकवला. मोठं घर विकणार, लहान घेणार, पैसे ठेवणार, बसून खाणार. काका हसले. 'आमी केलंय ना त्ये सगलं. चालीस वर्सांपूर्वी.'

इथे थोडी हिस्टरी, कारण ती या बाकावरच बसलेली होती. १९७० साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी ताब्यात घेण्याचं काम सुरू झालं. शेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी यावर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांच्या हातात एकदाच नुकसानभरपाई ठेवायची आणि विषय संपवायचा, असा मामला. त्याविरुद्ध उभे राहिले दि. बा. पाटील. जन्म १९२६ चा, याच जासईतला. वकील, पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला आंदोलकांवर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. पुढे १९९०च्या दशकात प्रकल्पग्रस्तांसाठी साडेबारा टक्क्यांची योजना प्रत्यक्षात आली. म्हणजे जेवढी जमीन गेली, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. दि. बा. २०१३ मध्ये गेले. विमानतळाला त्यांचं नाव हवं, यासाठी इथले लोक पुन्हा रस्त्यावर उतरले, ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल.

आता हे साडेबारा टक्के जरा हिशेबात मांडून बघा. एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापले जातात, हातात उरतात पावणेनऊ टक्के. म्हणजे साडेतीन गुंठे! चाळीसवरून साडेतीनवर. आपण टू बीएचकेवरून वन बीएचकेवर येतो आणि त्याला डाउनसायझिंग म्हणतो...

काकांच्या घरची तीन एकर गेली होती. भरपाईचा पैसा दोन भावांत वाटला. धाकट्याने जीप घेतली. 'दोन पावसाल्यांत जीप भंगारात. मग लगीन केलं वाजतगाजत. मग पैका संपला.' पुढे भूखंड मिळायची वेळ आली, तर धाकट्याने तो हातात पडायच्या आधीच कागदावर विकून टाकला. आणि काकांनी? भरपाईच्या पैशातून घराशेजारी चार खोल्या बांधल्या. ट्रेलरचे ड्रायव्हर, गोदामातले कामगार, एक नर्सबाई असे भाडेकरू. 'पयले दीडशे रुपये भाडं घेत व्हतो खोलीचं. आता चार हजार. भाडं वाढतं ना पोरी. ब्यांकेतला पैका हाय तेवढाच ऱ्हातो.'

जिजू म्हणाले, 'पण काका, एफडीवर व्याज मिळतं ना!' काका म्हणाले, 'त्ये तुमी खाणार ना?'

खल्लास!

परतीच्या वाटेवर मी गाडीत कॅल्क्युलेटर काढला. तुम्हीही काढा. समजा मुलुंडचा फ्लॅट १ कोटी ८० लाखांना गेला. नवं घर ६० लाखांचं. उरले १ कोटी २० लाख. त्यातून स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, ब्रोकरेज, दोन्हीकडच्या सोसायट्या, पॅकर्स, कपाटं-किचन असा खर्च वजा जाता धरा १ कोटी १० लाख. इथे एक मेख आहे. घर विकून नवं घर घेतलं तर जेवढा नफा नव्या घरात जातो, त्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स लागत नाही. पण डाउनसायझिंगची गंमतच ही, की पैसे मोकळे करायला तुम्ही लहान घर घेता, आणि नफ्यातला जो भाग मोकळा होतो त्यावरच टॅक्स बसू शकतो. २३ जुलै २०२४ पासून हा दर आहे साडेबारा टक्के. (जासईत बसून हा आकडा ऐकायला जाम विचित्र वाटतं!) त्या तारखेआधी घेतलेल्या घराला इंडेक्सेशनसह वीस टक्के हा पर्यायही आहे. जुन्या फ्लॅटला तो फायद्याचा पडू शकतो, पण दरवेळी नाही. सीएला विचारल्याशिवाय टोकन घेऊ नका, प्लीज.

असो. १ कोटी १० लाखांवर ७ टक्के म्हणजे वर्षाला ७ लाख ७० हजार, महिन्याला ६४ हजार. जिजू इथेच थांबले होते, 'सुटलो' म्हणून. पण महागाई ६ टक्के धरली तर साधारण बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. जिजूंच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते ६४ हजार आजच्या ३२ हजारांसारखे वाटणार, आणि एकसष्टाव्या वर्षी १६ हजारांसारखे. तेव्हा भाची तिशी ओलांडलेली असेल आणि तिचे आई-बाबा १६ हजारांत घर चालवत असतील. काका हेच म्हणत होते, फक्त एक्सेल शीटशिवाय.

अमेरिकेत विल्यम बेंगन नावाच्या सल्लागाराने १९९४ मध्ये हिशेब मांडला होता. पहिल्या वर्षी गंगाजळीच्या ४ टक्के काढा, मग दरवर्षी महागाईइतकी रक्कम वाढवत जा, पैसे ३० वर्षं पुरतील. हाच तो फेमस चार टक्क्यांचा नियम. पण तो तिकडच्या शेअर-बाँडच्या आकड्यांवरचा, आणि साठी-पासष्टीत निवृत्त होणाऱ्यांसाठी. जिजूंना लागणार पन्नास वर्षं. म्हणून तीनच टक्के धरू. १ कोटी १० लाखांचे ३ टक्के म्हणजे वर्षाला ३ लाख ३० हजार, महिन्याला साडेसत्तावीस हजार. गाडीत एकदम शांतता.

'व्याजदर वाढतील की,' ताई म्हणाली. वाढतीलही. पण आपल्या आईबाबांना विचारा. पीपीएफवर २००० सालाच्या सुरुवातीपर्यंत १२ टक्के मिळायचे, एप्रिल २०२० मध्ये तो दर ७.१ वर आला. आणि युनिट ६४? १९६४ पासून मराठी मध्यमवर्गाची लाडकी योजना. 'सरकारीच आहे' म्हणून रिटायर झालेल्यांनी ग्रॅच्युइटी तिच्यात टाकली होती. जुलै २००१ मध्ये यूटीआयने तिची खरेदी-विक्रीच थांबवली. आमच्या शेजारच्या आजोबांनी त्या आठवड्यात पेपर वाचणंच बंद केलं होतं, असं आई सांगते.

सिनिअर सिटिझन स्कीमचा दर २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला, मर्यादाही ३० लाखांवर गेली. पण त्यासाठी लागतात साठ वर्षं. सरकारच्या लेखी जिजू अजून बच्चा! म्हणून जिजूंनी शीटमध्ये एक ओळ टाकली होती, 'आईच्या नावावर ३० लाख'. आणखी एक ओळ त्यांनी टाकलीच नव्हती. कंपनीचा मेडिक्लेम. नोकरी सुटली की तोही सुटतो. काकूंचे गुडघे, बीपी, आणि मुलुंडचे वीस वर्षांचे ओळखीचे डॉक्टर, या सगळ्याला शीटमध्ये कॉलमच नव्हता.

मला गंमत वाटते ती अशी, की आम्ही पोरं-पोरी पैसा म्हणजे फक्त नंबर समजतो. एक कोटी म्हटलं की पार्टी. जासईच्या बाकावर बसलेल्या माणसाला मात्र एकरकमी पैसा आणि दरमहा येणारा पैसा यांतला फरक पक्का माहीत आहे. तो त्याने पुस्तकातून नाही शिकला, धाकट्या भावाच्या जीपमधून शिकला. म्हणून काकांचं सगळंच बरोबर असं मी म्हणणार नाही हं. सगळा पैसा विटा-सिमेंटमध्ये घालणं हा काही फायनान्शिअल प्लॅनिंगचा बेस्ट नमुना नाही. त्या चार खोल्यांच्या कागदपत्रांचं काय, हेही मी विचारलं नाही. 'गरजेपोटी बांधलेल्या घरां'चा प्रश्न इथे इतका जुना आहे, की चहा संपेपर्यंत तो सुटला नसता.

वन बीएचके बघितला आम्ही. सातवा मजला, टाइल्स चकाचक, बाल्कनीतून खाडीचा तुकडा. भाचीने लगेच बेडरूममध्ये आपली जागा ठरवून टाकली. सेल्समन पोरगा 'एअरपोर्ट टच' हा शब्द दर दोन मिनिटांनी म्हणत होता. काकू हॉलमध्ये गेल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि पावलांनी काहीतरी मोजलं. सहा पावलं इकडून, नऊ तिकडून. कुणी काही विचारलं नाही.

मुलुंड टोलनाका ओलांडेपर्यंत जिजूंनी फोनवर नवी शीट उघडली होती (गाडी आता ताई चालवत होती). 'समजा विकलंच नाही. मुलुंड भाड्याने दिलं तर?' दीड-दोन कोटींच्या फ्लॅटला मुंबईत वर्षाला अडीच-तीन टक्के भाडं सुटतं. ३ टक्के धरले तर ५ लाख ४० हजार, महिन्याला ४५ हजार. उलव्याला आपण भाड्याने राहिलो, पंधरा हजार जातील. उरले तीस. म्हणजे घुमून-फिरून तोच आकडा, साडेसत्तावीसच्या आसपास! फक्त इथे फ्लॅट आपलाच राहतो आणि भाडं दरवर्षी वाढतं. तीस हजारांत कुणी रिटायर होत नाही, हे जिजूंनाही कळलं. मग ताई म्हणाली, 'तू एक वर्ष सुट्टी घे, माझा पगार आहे.' जिजूंनी तिच्याकडे असं बघितलं की मी मान फिरवली. इतक्या वर्षांत हा पर्याय कुणी बोलूनच दाखवला नव्हता. थकलेल्या माणसाला रिटायरमेंट हवी होती की नुसती झोप, देव जाणे.

घराखाली गाडी थांबली. काकूंनी पर्स सावरली, चप्पल शोधली आणि दिवसभरातलं दुसरं वाक्य बोलल्या.

'अरे, विकायचं झालं तर सही माझीपण लागते ना? ॲग्रीमेंटवर ह्यांच्यानंतर माझंच नाव आलंय.'

जिजू म्हणाले, 'हो आई.'

'बरं,' म्हणाल्या, आणि लिफ्टकडे निघाल्या.