सहचर प्रथिने आणि साहाय्याचा धर्म

फाल्गुन-चैत्राच्या उन्हात पेडणे व डिचोली तालुक्यांतील वायंगणाची शेते आणि काजूच्या बागा तापून निघतात. मनुष्य सावलीला जातो. झाडाने कोठे जावे? उष्णतेने पेशींतील विकरांची, म्हणजे जीवनक्रिया चालविणाऱ्या प्रथिनांची, घडी विस्कटते; मग ती परस्परांना चिकटून निकामी होतात. अशा वेळी सहचर प्रथिने त्यांच्या साहाय्यास येतात.

उष्णतेला पेशी देत असलेला प्रतिसाद इटालियन शास्त्रज्ञ रितोसा यांनी १९६२ साली फळमाशीच्या अभ्यासातून प्रसिद्ध केला. जिवाणूंतील एका सहचराची रचना तर मोठी मनोवेधक आहे : प्रत्येकी ७ घटकांची २ कडी, आणि वर झाकण. आतील पोकळीत विकराला गर्दीपासून अलग असा काही क्षणांचा एकांत लाभतो व ते आपली घडी पुन्हा बसविते. घडीचे ज्ञान सहचरापाशी नसते. ते विकराच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच असते. हे तत्त्व दाखविणाऱ्या अ‍ॅनफिन्सेन यांना १९७२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

माझ्या मते साहाय्याचा खरा धर्म हाच होय. परीक्षेत मागे पडलेल्या विद्यार्थ्याकडून आपण तयार उत्तरे घोकून घेतो, किंवा त्याला नालायक ठरवितो. दोन्ही मार्ग अनुचित आहेत. कुचेष्टेपासून दूर अशी निवांत जागा व अवधी त्यास द्यावा. घडी त्याची त्यालाच बसवू द्यावी. पेशीलाही सारीच विकरे सावरता येत नाहीत. तरी विस्कटले ते सारेच टाकाऊ, असे ती मानीत नाही. मग शाळेने तसे का मानावे?