टेकडीवरचं धैर्य पुरेसं नाही

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट म्हणजे मक्तेदारीचा कर्दनकाळ, असं मी वर्षानुवर्षं इतिहासाच्या तासाला शिकवलं. ते खोटं नव्हतं. १९०२ मध्ये त्यांच्या सरकारने धनाढ्य बँकर मॉर्गन यांच्या नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वे कंपनीवर खटला भरला आणि १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकला. पण १९०७ च्या आर्थिक घबराटीत मॉर्गन यांच्याच यू. एस. स्टीलला टेनेसीची कोळसा-लोखंड कंपनी गिळू दिली. हेही शिकवायला हवं होतं.

त्यांचं रणांगणावरचं शौर्य मला मान्य आहे. स्पेनविरुद्धच्या युद्धात १ जुलै १८९८ रोजी क्युबातल्या केटल टेकडीवर ते गोळ्यांच्या माऱ्यात घोड्यावरून चढले. तारेचं कुंपण आडवं येताच उतरून पायी धावले. त्या चढाईत कृष्णवर्णीय घोडदळही होतं. २००१ मध्ये रूझवेल्टना मरणोत्तर सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

पण १९०६ मध्ये टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावातल्या गोळीबाराच्या प्रकरणात याच राष्ट्राध्यक्षांनी १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना खटल्याविना बडतर्फ केलं. लष्कराने तो अन्याय मान्य करायला १९७२ साल उजाडलं. आपली चूक कबूल करायलाही छाती लागते. तिथे रूझवेल्ट कमी पडले, असं माझं ठाम मत आहे.