भराव कोणी टाकला?

वसईच्या ऱ्हासाची चर्चा निघाली, की दोन ठरावीक मते हटकून ऐकू येतात. पहिले मत असे, की मुंबईच्या दाराशी वसलेल्या गावांनी शहर व्हायचे नाही तर काय व्हायचे? बागायतीचे गोडवे गाणारे उगाच काळाचे पाऊल अडवू पाहतात. दुसरे मत अधिक कडवट आहे : बाहेरून लोंढे आले आणि आपली वसई बुडाली. ही मते मांडणारे परस्परांचे वैरी समजले जातात. प्रत्यक्षात दोघेही एकाच प्रश्नाला बगल देत असतात. वसई बुडते ती पाण्यात, आणि पाणी तुंबते ते भरावामुळे. हा भराव कोणी टाकला?

शहराचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. १८६७ साली विरारहून मुंबईला लोकलगाडी सुरू झाली. वसईचे दूध, भाजी, केळी, फुले आणि विड्याची पाने पुढे मुंबईच्या बाजारात पोहोचली. ज्या बागायतीला आपण शहराच्या विरोधात उभे करतो, ती शहराच्याच पैशावर फुलली. त्याच गाडीने आपल्या लेकीसुना शिक्षिका, परिचारिका, बँकेतील कर्मचारी म्हणून रोज मुंबईला गेल्या आणि त्यांच्या पगारावर भावंडांची शिक्षणे झाली. घराजवळ महाविद्यालये आणि इस्पितळे आली. हे सारे नाकारून रहाटाच्या कुरकुरीसाठी अश्रू ढाळणे हा कृतघ्नपणा ठरेल.

‘बाहेरचा’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, तो तरी कोण? १९८२ च्या संपानंतर ज्याची गिरणी कायमची सुटली तो कामगार, मुंबईत खोली परवडत नाही म्हणून नालासोपाऱ्यात उतरलेला फेरीवाला, विरारहून उभ्याने प्रवास करणारी कारकून बाई. त्याने आयुष्याची पुंजी मोजून दीड खोली घेतली. ती खोली ओढ्यावर उभी आहे की खाजणावर, हे त्याला कोणी सांगितले नाही. ज्यांना ठाऊक होते त्यांनी तोंडे मिटून घेतली.

वसईची भूमी समजून घेतल्याशिवाय या मौनाची किंमत कळणार नाही. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा. डोंगरावरचे पावसाचे पाणी सखल शेतांतून, लोहमार्गाखालच्या मोऱ्यांतून, खाजणांतून आणि मिठागरांतून खाडीला मिळते. किनाऱ्याच्या पट्ट्यात आपल्या पूर्वजांनी वाडीवाडीत बावखले खणली. बावखल म्हणजे नुसते डबके नव्हे. ते पावसाचे पाणी पोटात घेई, जमिनीत मुरवी, उन्हाळ्यात वाडी भिजवी आणि गोड्या पाण्याच्या त्या भाराने समुद्राच्या खारेपणाला मागे रेटी. अभियंत्याची पदवी नसलेल्या माणसांनी उभारलेली ही व्यवस्था होती.

१९९० साली सिडकोची या भागासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीतील त्यांचे सहकारी हरितपट्टा व पाणी वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले होते. त्यांना ‘विकासविरोधी’ ही पदवी मिळाली. विहिरींचे पाणी टँकरने इमारतींना विकले गेले, वाड्यांच्या मुळाशी खारे पाणी आले. २००९ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. जुलै २०१८ मध्ये शहर पाण्याखाली गेले, लोकलगाड्या थांबल्या, वीज गेली, मिठागरांतील शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली. ‘विकासविरोधी’ माणसांनी जे सांगितले होते, तेच पाण्याने पुन्हा सांगितले.

२०२५ साल याहून बोलके ठरले. कचराभूमी आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्र यांसाठी राखून ठेवलेल्या नालासोपाऱ्यातील जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. न्यायालयाच्या आदेशानुसार त्या पाडल्या गेल्या आणि हजारो माणसे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा बळी गेला. शहराला ज्या केंद्राची गरज होती ते झाले नाही, आणि गरिबाला जे घर हवे होते तेही टिकले नाही. मग या व्यवहारात जिंकले कोण? जमीन बळकावणारा, बनावट कागद करणारा आणि डोळ्यांवर कातडे ओढून बसलेला अधिकारी. भूमिपुत्र आणि उपरा हे दोघेही येथे हरलेच आहेत. तरीही ते एकमेकांशीच भांडत राहावेत, यातच या मंडळींचे हित आहे.

एक अप्रिय सत्य मात्र सांगितलेच पाहिजे. सगळा भराव बाहेरच्यांनी टाकलेला नाही. भावाभावांच्या वाटणीत अडचण होते म्हणून, बंगल्यापुढे गाड्या लावायला जागा हवी म्हणून किंवा लग्नसमारंभांच्या भाड्यासाठी मोकळे मैदान हवे म्हणून किती बावखले बुजली, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. सातबाऱ्यावर आपले नाव असले म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीत झिरपणाऱ्या पाण्यावरही आपली मालकी होते काय?

शहर आता परत जाणार नाही, आणि ते जावे असे म्हणण्यात अर्थही नाही. पण शहराने जगायचे असेल तर पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्याच लागतील. काही गावांतील तरुणांनी गाळाने भरलेली बावखले पुन्हा उपसली आहेत. त्यांच्या हाती फावडी आहेत. वडीलधाऱ्यांनी निदान मातीचे डंपर तरी अडवावेत. आपल्या गावातील ओढे, नाले आणि बावखले यांची यादी करावी, ती पालिकेपुढे ठेवावी आणि प्रत्येक नव्या बांधकामाच्या वेळी पाणी कोठून जाणार, हा एकच प्रश्न विचारावा. तो विचारताना नालासोपाऱ्याच्या चाळीतील माणसाला सोबत घ्यावे. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात तोही आपल्यासारखाच उभा असतो.