तीस तासांची हजेरी

पोट न फाडता पोटातील शस्त्रक्रिया करता येते ही गोष्ट आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाही. ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हा शब्दप्रयोग कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून खेडोपाडी पोहोचला, त्यालाही कित्येक वर्षे लोटली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले. भारतातील अशा प्रकारची ती पहिली शस्त्रक्रिया होय. आज तालुक्याच्या गावातील लहानशा इस्पितळाच्या पाटीवरही ही सोय ठळक अक्षरांत रंगविलेली आढळते. रोगी एकदोन दिवसांत घरी जातो, व्रण लहान राहतो, वेदना कमी होतात. या लाभांविषयी वाद नाही. परंतु ती पाटी लावणाऱ्या शल्यचिकित्सकाने ही विद्या कोठे, कोणापाशी आणि कोणाच्या शरीरावर शिकली, आणि शिकलेली विद्या त्याच्या हाती टिकून आहे की नाही हे कोण पाहते, असा प्रश्न विचारला की सर्वत्र शांतता पसरते.

प्रश्नाच्या उत्तरार्धाला सरकारी उत्तर तयार आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंद असलेल्या डॉक्टरला दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी निरंतर शिक्षणाचे तीस क्रेडिट गुण दाखवावे लागतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांतही पाच वर्षांत तीस तासांचीच अपेक्षा आहे. म्हणजे वर्षाला सहा तास झाले! शाळामास्तर तेवढे एका दिवसात शिकवितो. तरीही आमची मुख्य तक्रार तासांच्या संख्येबद्दल नाही. हे तास सभागृहात बसून व्याख्याने ऐकण्याने भरून निघतात. त्या तिसांपैकी एक तास तरी शल्यचिकित्सकाने हाती उपकरण धरून काही करून दाखविले पाहिजे, असा दंडक नाही. त्वचारोगतज्ज्ञाला, मानसोपचारतज्ज्ञाला आणि पोटात कात्री चालविणाऱ्याला एकच मोजमाप लावण्यात आले आहे, आणि ते मोजमाप हजेरीचे आहे.

आम्ही पूर्वायुष्यात शिक्षक होतो. विज्ञानाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी मुलांच्या प्रयोगवह्या आमच्यापुढे येत, तेव्हा त्यांतील आकडे इतके बिनचूक असत की परीक्षकाने लाजावे. ब्युरेट हाती दिले म्हणजे मात्र पंचाईत होई. मागील वर्षाच्या वहीवरून या वर्षाची वही उतरविलेली असे. ब्युरेटची तोटी कोणत्या बाजूला फिरवावयाची हेच मुलाला ठाऊक नसे. आम्ही त्याला नापास केले नाही, हेही कबूल केले पाहिजे. तो मुलगा पुढे बँकेत गेला. त्याच्या त्या अज्ञानाने कोणाचे नुकसान झाले नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तशी सोय नसते. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवितात, बेंबीजवळून कॅमेरा आत जातो आणि अन्य लहान छिद्रांतून लांब दांड्याची उपकरणे. शल्यचिकित्सक रोग्याच्या पोटाकडे पाहत नाही, समोरच्या पडद्याकडे पाहतो. पडद्यावरील चित्रात बहुधा खोली नसते. हात उजवीकडे नेला की आतील टोक डावीकडे जाते, कारण पोटाच्या भिंतीतील छिद्र हाच त्या दांड्याचा टेकू असतो. बोटांना जो स्पर्श कळत होता, जी गाठ लागत होती, जी धमनी उडताना जाणवत होती, ती सर्व जाण जवळजवळ हरपते. वीस वर्षे उत्तम रीतीने पोटे उघडून शस्त्रक्रिया केलेला मनुष्यही येथे पहिल्या दिवशी नवशिका असतो. अनुभवाचा अभिमान धरणाऱ्यांनी हे नाकारण्याचे कारण नाही. नव्या लिपीत लिहावयास बसलेल्या पंडिताचेही असेच होते.

या नवशिकेपणाची किंमत कोण देतो, याचा हिशेब अमेरिकेत मांडला गेला आहे. तेथे १९९० च्या सुमारास शनिवार-रविवारच्या वर्गात डुकरांवर सराव करून सोमवारी माणसांवर शस्त्रक्रिया करण्याची लाट आली होती. दक्षिणेकडील शल्यचिकित्सकांच्या एका मंडळाने १९९१ साली १,५१८ शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. शल्यचिकित्सकांच्या प्रत्येक गटाच्या पहिल्या १३ रोग्यांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण शेकडा २.२ होते, त्यानंतरच्या रोग्यांत ते शेकडा ०.१ इतके खाली आले. शिकणाऱ्याचा हात बसेपर्यंतचे दुःख पहिल्या तेरा जणांच्या वाट्याला आले. पित्तनलिका कापली जाणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी घडले त्यालाच कळते. खडे काढण्यासाठी दोन दिवसांकरिता गेलेला धडधाकट मनुष्य कावीळ, ताप आणि पोटात साचलेले पित्त घेऊन मोठ्या शहरातील रुग्णालयात येतो. दुसरी, पहिलीहून कितीतरी मोठी शस्त्रक्रिया होते आणि पुढील कित्येक वर्षे तो रुग्णालयाच्या फेऱ्या घालीत राहतो. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याने १९९२ साली जाणत्याच्या देखरेखीखाली १५ शस्त्रक्रिया केल्यावाचून स्वतंत्रपणे ती करू देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, ती असल्या इजांची ओरड झाल्यावरच. आपल्याकडे अशा इजांची सक्तीने नोंद करणारी राष्ट्रीय नोंदवहीच नाही. मग ओरड तरी कशाच्या आधारावर होणार?

माणसावर हात चालविण्याआधी तो अन्यत्र बसवावा, ही कल्पना परकी नव्हे. सुश्रुतसंहितेत या सरावालाच एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. छेद घेण्याचा अभ्यास कोहळा, भोपळा, काकडी यांवर करावा असे सुश्रुत सांगतो, आणि पुष्कळ शास्त्र पढलेला पण सराव न केलेला मनुष्य कर्माला अपात्रच, असे बजावतो. आमच्या प्राचीन गौरवाची भाषणे करणाऱ्या वक्त्यांनी हा अध्याय उघडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आजचा कोहळा म्हणजे सरावाची पेटी. आत कॅमेरा, वर छिद्रे, समोर पडदा, एवढीच तिची सामग्री. पुठ्ठ्याचा खोका व मोबाइल फोन यांवरही ती उभी करता येते. अमेरिकेत अशाच पेटीवर पाच कामे ठरवून परीक्षा घेतली जाते. बारीक वस्तू एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर नेणे, जाळीचे कापड आखलेल्या वर्तुळावर कापणे, तयार फास अडकविणे, आणि टाक्याची गाठ एकदा पेटीबाहेर व एकदा पेटीत मारणे, अशी ती कामे होत. २००९-१० पासून तेथील अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीने ही परीक्षा नव्या शल्यचिकित्सकांना सक्तीची केली. सरावाने खरोखर फरक पडतो काय, ही शंकाही तपासून झाली आहे. येल विद्यापीठात १६ शिकाऊ डॉक्टरांपैकी निम्म्यांना संगणकावरील आभासी सराव देण्यात आला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांचे काम शेकडा २९ इतके जलद झाले, आणि सराव न मिळालेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याचा वा भलताच भाग भाजण्याचा संभव पाचपट आढळला.

हे सारे विद्यार्थ्यांविषयी झाले, मुरलेल्या शल्यचिकित्सकाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांनी मिशिगन राज्यातील एक प्रयोग पाहावा. तेथे स्थूलतेवरील शस्त्रक्रिया करणाऱ्या २० व्यावसायिकांनी स्वखुशीने आपापल्या एका शस्त्रक्रियेची चित्रफीत दिली, आणि ती कोणाची हे न सांगता सहव्यावसायिकांनी तिला गुण दिले. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी गुण मिळालेल्या चौथाईच्या रोग्यांत गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा १४.५, तर सर्वांत वरच्या चौथाईच्या रोग्यांत शेकडा ५.२. हे सर्व जण पदवीधर, परवानाधारक, व्यवसायात स्थिरावलेले होते. कागदोपत्री त्यांच्यात भेद नव्हता. भेद हातात होता, आणि तो सहकाऱ्यांना पडद्यावर दिसत होता.

शल्यचिकित्सकांच्या अडचणी आम्हांस ठाऊक नाहीत असे नव्हे. स्वतःचे लहान इस्पितळ चालविणारा डॉक्टर आठवडाभर दार बंद करून शिकावयास गेला तर कर्जाचा हप्ता थांबत नाही. चूक कबूल करावी तर ग्राहक न्यायालयाची भीती. १९९५ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने वैद्यकीय सेवा त्या कायद्याखाली आलेली आहे, आणि अलीकडे तर नातेवाइकांचा जमाव न्यायालयापर्यंत थांबतही नाही. अशा वातावरणात आपली चित्रफीत आपणहून सहकाऱ्याच्या हाती कोण देईल? म्हणून शिकण्यासाठी दाखविलेली चित्रफीत खटल्यात पुरावा म्हणून ओढली जाणार नाही, असे संरक्षण शासनाने दिले पाहिजे. ते न देता केवळ सक्ती केली तर आणखी एक प्रमाणपत्र विकत मिळू लागेल, एवढेच.

आणखी एका गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आतील भाग सुजलेला असेल, रचना ओळखू येत नसेल, तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडणे हा पराभव नव्हे. तो शहाणपणा आहे. पण दुर्बिणीवरच वाढलेल्या नव्या पिढीने उघड्या पोटाने पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रिया पूर्वीच्या मानाने फारच थोड्या केलेल्या असतात. परतीची वाट ज्याला माहीत नाही तो पुढेच रेटीत जातो. तेव्हा उजळणी नव्या विद्येची हवी तशीच जुन्या विद्येचीही हवी, आणि जुनी विद्या जाणणारी मंडळी आता निवृत्तीच्या वाटेवर आहेत. त्यांना शिकविण्यासाठी बोलावण्याचा हाच काळ आहे.

हे सारे करावयास फार मोठा खर्च लागेल असे आम्हांस वाटत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांना कौशल्यप्रयोगशाळा ठेवावी लागते. तिची दारे सायंकाळी व रविवारी त्या जिल्ह्यातील व्यावसायिकांना माफक शुल्कात उघडावीत. उपकरणे बनविणाऱ्या कंपन्या असे वर्ग चालवितात ते चालवोत, पण कोण उत्तीर्ण झाले हे विक्रेत्याने ठरवू नये. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शासन स्वतः शस्त्रक्रियांचे पैसे मोजते. पैसे मोजणाऱ्याला हात पाहण्याचा अधिकार असतो. सार्वजनिक रुग्णालयातील गरीब रोग्याच्या पोटावर विद्या शिकून ती अन्यत्र विकावयाची, हा व्यवहार आजवर चालला. निदान पहिल्या तेरांची वेळ पेटीवर निभावून नेली तर त्या रोग्यावर उपकार होणार नाहीत, त्याचे देणे थोडे फिटेल.

वैद्यक परिषदेने एवढेच ठरवावे की, शल्यचिकित्सकाच्या तीस गुणांपैकी किमान दहा गुण परीक्षकासमोर हाताने करून दाखविलेल्या कामाचे असले पाहिजेत. आणि नूतनीकरणाच्या अर्जात आणखी एक रकाना वाढवावा: गेल्या पाच वर्षांत दुर्बिणीने किती शस्त्रक्रिया केल्या, किती वेळा पोट उघडावे लागले, आणि किती रोग्यांना इजा झाली. गुण कशाला द्यावयाचे हे परिषदच ठरवीत असल्याने पहिल्या गोष्टीसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसरीला छापलेल्या अर्जावर चार बोटे जागा पुरेल.